गाजलेला संवाद बोलणाऱ्यापेक्षा ऐकणारा जास्त उभा करतो, कसा ते बघा

शोलेतला गब्बरचा पहिला सीन घ्या. सिनेमा १९७५ चा, म्हणजे आत्ता कॉलेजला असलेल्या पोरांचे बाप त्या वेळी जन्मले नसतील किंवा रांगत असतील, तरी लातूर, बीड, नांदेड कुठंही जा, "कितने आदमी थे" म्हणलं की पुढचं वाक्य समोरून येतंच. सगळे म्हणतात अमजद खानचा आवाज, ती खडकावरची चाल, तो हातातला पट्टा. बरोबरच आहे. पण एकदा तोच सीन मोबाईलवर लावा आणि गब्बरकडं बघायचंच नाही असं ठरवून फक्त कालियाकडं बघा.

कालिया म्हणजे विजू खोटे, आपले मराठी नट. सगळ्या सिनेमात त्यांच्या वाट्याला मोजकी वाक्यं. या सीनमध्ये तर ते जवळपास नुसते उभेच आहेत. गब्बर तीन गोळ्या हवेत उडवतो, म्हणजे पिस्तुलात सहा घरं आणि तीन गोळ्या राहिल्या, मग तो चक्कर फिरवतो आणि कालिया धरून समोर उभ्या असलेल्या आपल्याच तीन माणसांपैकी एकेकाच्या डोक्याला लावून चाप ओढतो. तिघं वाचतात. गब्बर हसायला लागतो, टोळी हसायला लागते, ते तिघं पण हसायला लागतात, आणि थेटरातला माणूस पण हसतो कारण सुटलो बाबा एकदाचं असं त्याला वाटलेलं असतं. आणि मग गोळ्या. आता विचार करा, कालिया जर खांबासारखा उभा राहिला असता, त्याला घाम नसता, तो हसताना आधी गब्बरचं तोंड बघून मग हळूच हसला नसता, तर गब्बर भयंकर वाटला असता का? गब्बरची दहशत आपल्याला दिसते ती कालियाच्या तोंडावर. म्हणून मी म्हणतो की दोघांच्या संवादाचा सीन लक्षात राहतो तो ऐकणाऱ्यामुळं, आणि हे एकदा समजलं की लिहिणं, कॅमेरा, एडिटिंग, साऊंड सगळं त्याच एका गोष्टीसाठी कसं राबतं ते आपोआप दिसायला लागतं.

सुरुवात लिहिण्यापासून करू. बऱ्याच जणांना वाटतं की चांगला डायलॉग म्हणजे जड, टाळी घेणारं वाक्य. तसं नसतं. माणूस तोंडानं एक बोलत असतो आणि त्याला हवं असतं दुसरंच, ह्या दोन्हीमधलं अंतर म्हणजे सीन. आपल्याकडं तर हे रोजचंच आहे, कुणी सरळ विषयाला हात घालतच नाही, सोयरीक जमवायला आलेला माणूस आधी अर्धा तास सोयाबीनच्या भावावर बोलतो.

एक उदाहरण रचून दाखवतो. औसा तालुक्यातलं गाव समजा. दोन भाऊ, थोरला शेती बघतो, धाकटा पुण्यात कंपनीत. धाकट्याला फ्लॅट घ्यायचाय आणि त्यासाठी त्याच्या वाटणीची दोन एकर विकायची आहे, तेवढं बोलायला तो गावी आलाय. नवखा लेखक काय लिहील? "दादा, मला पुण्यात फ्लॅट घ्यायचाय, माझा हिस्सा विकून टाकू." "नाही, बापानं जमवलेली जमीन मी जिवंत असेपर्यंत विकू देणार नाही." झालं, सीन संपला. दोघांनी मनातलं ओकून टाकलं, आता बघणाऱ्याला करायला काहीच उरलं नाही. आता हेच दुसऱ्या पद्धतीनं बघा:

"बोअरला पाणी हाय का अजून, दादा?"
"हाय की. दोन तास चालतंय."
"गेल्या साली तर चार तास चालायचं."
"पाऊस कुठं झालाय."
"रोडच्या कडंचं पाटलाचं रान गेलं म्हणं. चांगला भाव आला म्हणायलेत सगळे."
"चहा पी संतोष, गार व्हायलाय."

दोन एकराचं नाव कुणीच घेतलं नाही. तरी संतोष काय मागायलाय ते आपल्याला कळलं, थोरल्याला पण कळलं, आणि "चहा पी" हे त्याचं उत्तर आहे. नाही असं उत्तर आहे. इथं बघणाऱ्यानं स्वतः डोकं लावून ते ओळखलं, म्हणून तो सीन त्याचा झाला. सिनेमावाले ह्याला सबटेक्स्ट म्हणतात. आणि लक्षात घ्या, पाटलाच्या रानाचं वाक्य धाकट्याचं असलं तरी त्या वेळी बघायचं कुणाकडं? थोरल्याकडं. कपबशी धरलेला हात थांबतो का, नजर कुठं जाते, तो रस्त्याकडं बघतो की रानाकडं. सगळा सीन तिथं आहे.

आता तुम्ही म्हणाल की मग दीवारचं काय, तिथं तर सरळ टाळीचं वाक्यच आहे. आहे ना, आणि ते जबरदस्तच आहे. दीवार पण १९७५ चाच, सलीम-जावेदनं लिहिलेला, यश चोप्रांनी केलेला. ज्या पुलाखाली लहानपणी दोघं भाऊ आईसोबत झोपले तिथं रात्री ते भेटतात, आता एक स्मगलर आणि एक पोलीस. विजय यादी वाचतो, बिल्डिंग, प्रॉपर्टी, बँक बॅलन्स, बंगला, गाडी, आणि विचारतो तुझ्याकडं काय आहे. रवी थांबतो आणि म्हणतो, "मेरे पास माँ है." मोठ्या यादीला चार शब्दांचं उत्तर, हे तर कुणालाही दिसतं. पण मला त्याच्याहून मोठी गोष्ट ही वाटते की ह्या वाक्यात नवीन माहिती कायच नाही. आई विजयचं घर सोडून रवीबरोबर गेली हे आपण आधीच बघितलंय, विजयला तर ते पक्कं माहीत आहे. म्हणजे रवी त्याला बातमी देत नाही, त्याच्या दुखत्या जागेवर बोट ठेवतो, जिथं बोट ठेवू नये म्हणूनच तर विजय एवढी लांबलचक यादी वाचत होता. त्याचं बोलणं म्हणजे आईची रिकामी जागा झाकायची धडपड होती हे उत्तर आल्यावर कळतं. त्यामुळं ते चार शब्द शशी कपूरचे असले तरी ते लागतात ते अमिताभला, आणि लागले ते आपल्याला कळतं त्यानंतर तो गप्प झाल्यामुळं. पडद्यावर धाकटा भाऊ झालेला शशी कपूर खऱ्यात अमिताभपेक्षा चार-एक वर्षांनी मोठा, पण तो सीन बघताना हे कुणाच्या डोक्यात सुद्धा येत नाही.

आता कॅमेरा. इथं जरा तांत्रिक आहे पण अवघड नाही, आणि आपल्या भागात आता एवढी पोरं मोबाईलवर शॉर्टफिल्म आणि वेबसिरीज करायलेत की त्यांना हे माहीत असलंच पाहिजे.

दोन माणसं समोरासमोर बसली की त्यांच्या मधून एक रेघ आहे असं समजायचं. कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा. मग संतोष कायम उजवीकडं बघताना दिसेल आणि दादा कायम डावीकडं, आणि एकाचा शॉट मग दुसऱ्याचा शॉट असं जोडलं की ते एकमेकांकडं बघायलेत असं वाटेल. चुकून रेघ ओलांडून पलीकडं कॅमेरा लावला तर दोघं पण एकाच दिशेला बघताना दिसतात, जणू दोघं मिळून तिसऱ्याच कुणाशी बोलायलेत. ह्याला १८० अंशाचा नियम म्हणतात. तो मोडता येतो, मुद्दाम मोडणारे मोठे दिग्दर्शक आहेत, पण आधी पाळून बघावा मग मोडावा असं माझं मत.

मग शॉट कोणते? दोघं एका फ्रेममध्ये तो टू-शॉट. एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचं तोंड तो ओव्हर द शोल्डर, सेटवर त्याला सजेशन पण म्हणतात कारण समोरचा माणूस खांद्यापुरता सुचवलेला असतो. आणि नुसतं तोंड तो क्लोज. ह्यातला प्रत्येक शॉट काहीतरी सांगतो. टू-शॉटमध्ये दोघांमधलं अंतर दिसतं, म्हणजे भावाभावांच्या मधी ओट्यावर किती जागा सोडलीय ते. सजेशनमध्ये ते एकमेकांना बांधलेले असतात, बोलणाऱ्याला समोरच्याचं ओझं जाणवतं. क्लोजमध्ये माणूस एकटा पडतो. त्यामुळं सीन सुरू झाल्या झाल्या क्लोज लावला की पुढं जायला जागाच राहत नाही, आणि मोबाईलवाल्या पोरांची सगळ्यात जास्त चूक इथंच होते, पहिल्या वाक्यापासून नाकाडोळ्यावर कॅमेरा. क्लोज राखून ठेवा. पाटलाच्या रानाचं वाक्य येईपर्यंत राखून ठेवा.

नजर, म्हणजे सेटच्या भाषेत लुक, ही तर सगळ्यात महत्त्वाची. नटाची नजर लेन्सच्या जितकी जवळून जाईल तितका तो बघणाऱ्याला जवळचा वाटतो, लांबून गेली की आपण बाजूला उभं राहून चोरून ऐकतोय असं वाटतं. नजरेची ताकद किती हे ज्याला बघायचंय त्यानं सिनेमा सोडून लक्ष्मण देशपांडेंचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' बघावं. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा आपला माणूस, स्टेजवर एकटा, आणि ५२ पात्रं. कुणी समोर नाही तरी कोण कुणाला बोलतंय ते शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला सुद्धा कळायचं. कारण एक पात्र वर बघून बोलायचं आणि लगेच दुसरं त्याच जागेवरून खाली बघून उत्तर द्यायचं, मान वळली की माणूस बदलला, आणि सगळ्यात भारी म्हणजे ते एका पात्राचं बोलणं संपवून दुसऱ्याचं ऐकणं सुद्धा करायचे. एकटा माणूस ऐकण्याचा पण अभिनय करायचा. मराठवाड्यातल्या नटांना ऐकणं शिकायला दुसरीकडं कुठं जायची गरज नाही असं मला मनापासून वाटतं.

दोन तगडे नट समोरासमोर आले की काय करावं ह्याचं जगभर दिलं जाणारं उदाहरण म्हणजे १९९५ चा हीट, मायकल मान दिग्दर्शक, अल पचिनो पोलीस आणि रॉबर्ट डी नीरो चोर. ही दोघं १९७४ च्या गॉडफादरच्या दुसऱ्या भागात होती पण तिथं त्यांचा एकत्र एकही सीन नव्हता, त्यामुळं लोकं वीस-एक वर्षं वाट बघत होती. आणि दिग्दर्शकानं काय केलं, तर हॉटेलात एका टेबलावर बसवलं आणि कॉफी पाजली. ना पिस्तुल ना पाठलाग. ही भेट मुळात खऱ्या घटनेवरून आलीय, शिकागोतल्या चक ॲडमसन नावाच्या डिटेक्टिव्हनं १९६० च्या दशकात ज्या चोराच्या मागावर होता त्याच्यासोबत खरंच कॉफी घेतली होती. शूटिंगच्या वेळी माननं दोन कॅमेरे लावले, दोघांच्या खांद्यावरून दोन, एकाच वेळी. नेहमी काय होतं, आधी एका नटाचे सगळे शॉट घेतात, मग लाईट बदलून दुसऱ्याचे, म्हणजे पचिनोचं वाक्य सकाळचं आणि त्यावरचं डी नीरोचं ऐकणं दुपारचं. एकाच वेळी दोन कॅमेरे असले की पचिनोनं जरा वेगळं म्हणलं तर डी नीरोची त्याच क्षणाची पापणी हलते ती पण मिळते. खरं बोलणं आणि त्याच बोलण्यावरचं खरं ऐकणं. त्या सीनमध्ये दोघं एकमेकाला धमकीच देतात, वेळ आली तर मी तुला सोडणार नाही म्हणून, पण बोलतात ते मात्र स्वप्नांबद्दल आणि घरातल्या बाईबद्दल, म्हणजे आपल्या बोअरच्या पाण्यासारखंच झालं की.

समोरचा नट नसला तर काय होतं त्याचं पण उदाहरण आहे. १९५४ च्या ऑन द वॉटरफ्रंटमध्ये मार्लन ब्रँडो आणि रॉड स्टायगर ह्या दोन भावांचा टॅक्सीतला सीन, सिनेमाच्या इतिहासातल्या पहिल्या ओळीतला. टॅक्सीच्या मागच्या काचेतून रस्ता दाखवायची सोय ऐनवेळी झाली नाही म्हणून काचेला पट्ट्यांचा पडदा लावून काम भागवलं, आणि तो पडदा आज कुणाला खटकत पण नाही कारण सगळ्यांचं लक्ष त्या दोन तोंडांवर. पण ब्रँडो आपले शॉट झाले की निघून जायचा आणि स्टायगरला त्याच्या क्लोजसाठी दुसऱ्याच्या तोंडून वाक्यं ऐकून अभिनय करावा लागला, हे दुःख स्टायगरनं पुढं कितीतरी वर्षं बोलून दाखवलं. ब्रँडोनं जे केलं नाही त्याला क्यू देणं म्हणतात. आपला कॅमेरा बंद असला तरी समोरच्याच्या शॉटसाठी तिथंच बसून, तितक्याच जीव ओतून वाक्य म्हणणं. आपल्याकडच्या नवीन पोरांना एवढंच सांगणं आहे की आपला शॉट झाला की मोबाईल काढून कोपऱ्यात जाऊन बसू नका. समोरच्याला तुमचे डोळे लागतात.

कधी कधी तर कट न करणं हाच उपाय असतो. २००८ च्या हंगर ह्या सिनेमात मायकल फासबेंडर आणि लियम कनिंगहॅम, एक उपोषणाला बसायला निघालेला कैदी आणि एक पाद्री, जवळपास १७ मिनिटं एकाच शॉटमध्ये टेबलाला बसून बोलतात, कॅमेरा हलत सुद्धा नाही. ते दोघं त्यासाठी एका घरात राहून तालीम करत होते. कट नसला की दिग्दर्शक तुम्हाला सांगत नाही कुणाकडं बघायचं, तुम्हीच ठरवता. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट' सिनेमात पण तसंच, वकील कायद्याची कलमं वाचत असते, कॅमेरा लांब आणि जागचा हलत नाही, आणि आरोपी तिथंच उभा. ते कंटाळवाणं वाटतं म्हणणारे भेटलेत मला, पण जो तारखेला कोर्टात दिवसभर बसून आलाय त्याला विचारा.

एडिटिंगचं थोडक्यात सांगतो. सरळ पद्धत म्हणजे जो बोलतो तो दाखवायचा, टेबल टेनिसच्या मॅचसारखं इकडं तिकडं. हे सगळ्यात कंटाळवाणं. चांगला एडिटर आवाज आणि चित्र एका जागी कापत नाही. बोलणाऱ्याचं वाक्य चालू असतानाच ऐकणाऱ्याचं तोंड येतं, किंवा पुढच्याचा आवाज आधी येतो आणि चित्र नंतर. २००४ च्या श्वासमध्ये डॉक्टर आजोबांना सांगतात की नातवाच्या डोळ्यात कॅन्सर आहे, जीव वाचवायचा तर नजर जाणार. वाक्यं डॉक्टरची, संदीप कुलकर्णी चांगलं बोलतात. पण तो सिनेमा आपण बघतो अरुण नलावडेंच्या तोंडावर. गावाकडचा माणूस, अर्धं कळतंय अर्धं कळत नाही, आणि जे कळलंय ते मान्य करायचं नाही. त्या सिनेमाला सुवर्णकमळ मिळालं आणि भारताकडून ऑस्करला गेला, पण मला विचाराल तर ते आजोबाचं ऐकणंच तिथपर्यंत गेलं.

आणि पॉज. लिहिताना कागदावर दिसत नाही, एडिटिंगला बसल्यावर पोरं सगळ्यात आधी तेच कापतात, स्पीड पाहिजे म्हणून. "चांगला भाव आला म्हणायलेत सगळे" आणि "चहा पी" ह्याच्या मधले तीन सेकंद कापले तर राहिलं काय? दोन माणसं चहा पिताना राहिली.

राहिला आवाज, आणि इथं मराठवाड्याचा विषय येतोच. आपल्याकडं कितीतरी वर्षं हिंदी-मराठी सिनेमे शूट करून मग स्टुडिओत डब व्हायचे. २००१ च्या लगाननं सेटवरचाच आवाज घ्यायचं धाडस एवढ्या मोठ्या हिंदी सिनेमात करून दाखवलं, आता बरेच जण घेतात, ह्याला सिंक साऊंड म्हणतात. डबिंगमध्ये नट बंद खोलीत एकटा असतो, समोर ऐकणारा नसतो. ओट्यावर वारं असताना समोरच्यापर्यंत पोचेल असा काढलेला आवाज आणि माईकला तोंड लावून काढलेला आवाज ह्यात फरक पडतो तो पडतोच. आणि बोली तर पहिली मरते. "कुठं चाललास", "कुठं निघालास", "कुठं जायलास", अर्थ एकच, पण तिसरं ऐकलं की आमच्याकडच्या माणसाला हे आपल्यातलं आहे असं वाटतं. सिनेमात गावाकडचा माणूस म्हणलं की वर्षानुवर्षं एकच ठरलेली खेडवळ बोली असायची, जी कुठल्याच गावात कुणी बोलत नाही. मकरंद अनासपुरेंनी मराठवाड्याचा खरा हेल पडद्यावर आणला तेव्हा पहिल्यांदा आपल्या लोकांना वाटलं की हा तर आपल्या गल्लीतला बोलायलाय. फक्त तो हेल बहुतेक वेळा हसवायला वापरला गेला, ह्याचं मला वाईट वाटतं, कारण त्याच हेलात माणसं रडतात, भांडतात, पोरीची पाठवणी करतात, ऊसतोडीला निघताना म्हाताऱ्याला सांभाळ म्हणतात.

म्हणून तुम्ही सीन लिहीत असाल तर डायलॉग लिहून झाला की तो बोलून बघा, एकट्यानं नाही, दोघांनी, आणि तालीम करताना निम्म्या वेळा फक्त ऐकणाऱ्याची तालीम घ्या, म्हणजे वाक्यं दुसऱ्यानं म्हणायची आणि ह्यानं गप्प राहून नुसतं ऐकायचं. बीडचा माणूस असेल तर बीडच्यालाच वाचायला द्या, नांदेडचा असेल तर नांदेडच्याला, जिल्हा बदलला की क्रियापदांची शेपटं बदलतात. वाचताना तो जिथं अडखळेल तिथं वाक्य तुमचं आहे, पात्राचं नाही, ते तिथंच काढून टाका. आणि मोबाईलवर शूट करत असाल तर दुसऱ्या कुणाचा तरी मोबाईल मागून घ्या, एक ह्याच्या खांद्यावर, एक त्याच्या, रेघेच्या एकाच बाजूला, दोन्ही एकदमच चालू करून एक टाळी वाजवा म्हणजे एडिटिंगला आवाज जुळवता येतो, आणि डायलॉग संपला तरी लगेच कट म्हणू नका.